दिवाणखान्यांतला समुद्र

आपल्या ओळखीच्या एखाद्या घरीं दिवाणखान्यांत कांचेची एक मोठी पेटी ठेवलेली असते. तिच्यांत खारें पाणी, तळाशीं पांढरी रेती, रेतीवर रचलेले खडक, आणि त्या खडकांवर फुलांसारखीं उमललेलीं, मंद मंद हलणारीं प्रवाळें. पाहुणे तिच्यापुढें क्षणभर उभे राहतात, "काय सुंदर !" म्हणतात आणि चहाकडे वळतात. घरधनी मात्र त्या पेटीकडे निराळ्या नजरेनें पाहत असतो. आजारी मुलाच्या उशाशीं बसलेला बाप जसा पाहतो तसा. पाणी तापलें तर नाहीं ना, क्षार वाढले तर नाहींत ना, पंप चालू आहे ना, काल उमललेलें तें प्रवाळ आज मिटलें कां, ही विवंचना त्याच्या मागें आठही प्रहर असते.

आज मी आपणांस या पेटीची हकीकत सांगणार आहें. या इतिहासांत राजे नाहींत, लढाया नाहींत, तहनामे नाहींत. परंतु माणसाला एखादी गोष्ट आवडली म्हणजे तो ती घरीं आणूं पाहतो, आणि ती जगवावी कशी हें त्याला मागाहून शिकावें लागतें. समुद्राच्या बाबतींत या मागाहून शिकण्याला पावणेदोनशें वर्षें लागलीं. आणि त्या शिकवणीची फी पुष्कळदां शिकणारानें भरली नाहीं, किनाऱ्यानें भरली. ती कशी, हें आपण पाहूं.

समुद्रांतला प्राणी कांचेच्या टांकींत पाळून त्याचें शास्त्रीय निरीक्षण करण्याचा पहिला मान सामान्यतः झान व्हिलप्रू-पॉवर या फ्रेंच बाईंना देतात. सिसिली बेटावर मेसिना शहरीं त्या राहत. १८३२ च्या सुमारास त्यांनीं कांचेच्या टांक्या करवून घेतल्या आणि त्यांत आर्गोनॉट नांवाचा एक अष्टपाद प्राणी ठेवला. हा प्राणी आपला शंख स्वतः घडवतो, कीं शंखांत राहणाऱ्या खेकड्याप्रमाणें दुसऱ्याचा बळकावतो, असा त्या काळीं वाद होता. बाईंनीं प्राण्याला आपला मोडलेला शंख सांधतांना पाहिलें आणि वादाचा निकाल लावला. पण मेसिना हें बंदर. समुद्र हाकेच्या अंतरावर. पाणी शिळें झालें कीं नवें आणावें, एवढाच प्रश्न.

खरी अडचण समुद्रापासून दूर राहणाराची. ती प्रथम जिला पडली त्या बाईंचें नांव अ‍ॅना थिन. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी या लंडनच्या प्रसिद्ध देवळांतील एका धर्माधिकाऱ्याच्या त्या पत्नी. १८४६ च्या शरद् ऋतूंत त्या इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्की येथें गेल्या असतां खडकांना चिकटलेलीं लहान लहान प्रवाळें त्यांच्या पाहण्यांत आलीं. आपण ज्याला पोवळें म्हणून अंगठींत घालतों तो एका प्राण्याचा सांगाडा होय, हें ऐकून माहीत असणें निराळें, आणि तो प्राणी आपले बारीक हात पसरून भक्ष्य धरतांना डोळ्यांनीं पाहणें निराळें. बाईंना त्याचा मोह पडला. त्यांनीं कांहीं प्रवाळें दगडी बरणींत घालून लंडनला नेलीं. आणि चारी बाजूंनीं पाणी खेळावें म्हणून सुईदोऱ्यानें तीं स्पंजाला टांचून ठेवलीं.

पाणी दर एक दिवसाआड बदलावें लागे. बरोबर आणलेला सांठा थोडा. लंडनांत समुद्र आणावा कोठून? तेव्हां बाईंनीं युक्ति काढली. वापरलेलें पाणी उघड्या खिडकीपाशीं या भांड्यांतून त्या भांड्यांत, त्या भांड्यांतून या भांड्यांत, असें अर्धा-पाऊण तास ओतीत राहावयाचें आणि मग पुन्हां वापरावयाचें. ओतण्याचें काम घरांतल्या एका लहान मोलकरणीकडे आलें. काम दमवणारें खरें, पण त्या मुलीला त्यांत गंमत वाटे, अशा अर्थाचें बाईंनीं लिहून ठेवलें आहे. गंमत वाटे हें बाईंचें म्हणणें. मुलीचें म्हणणें आपल्यापर्यंत आलेलें नाहीं.

त्या ओतण्यांत काय होत होतें ? पाण्याची धार हवेंतून पडे, हवेंतला प्राणवायु तींत मिसळे, आणि श्वासानें सांचलेला कार्बानिक वायु निघून जाई. आज घरोघरच्या टांक्यांतून विजेचा पंप जें काम रात्रंदिवस करतो, तेंच काम त्या मुलीचे दोन हात करीत होते. १८४७ च्या वसंतांत बाईंनीं समुद्रशेवाळ लागलेले दगड मागवले. शेवाळ उजेडांत प्राणवायु सोडतें, त्यामुळें ओतण्याचा भार हलका झाला. प्रवाळें नुसतीं जगलीं नाहींत, तर त्यांना पिलें झालीं. आणि त्या वाढीवर बाईंनीं लिहिलेला निबंध १८५९ सालीं एका प्रतिष्ठित शास्त्रीय मासिकांत प्रसिद्ध झाला. त्यांच्या यशाला एक कारण असें कीं, तीं प्रवाळें थंड पाण्यांतलीं, एकएकटीं राहणारीं, मंद उजेडांतही चालणारीं होतीं. उष्ण समुद्रांत बेटेंच्या बेटें उभारणारीं प्रवाळें त्या बरणींत चार दिवसही टिकलीं नसतीं. त्यांची हकीकत पुढें येईल.

याच सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञानें गोड्या पाण्यांत दुसरा प्रयोग केला. एका भांड्यांत दोन सोनमासे आणि एक पाणवनस्पति ठेवली. पानें कुजून पाणी गढूळ होऊं लागलें, तेव्हां गोगलगायी सोडल्या. त्यांनीं कुजकी पानें खाल्लीं आणि पाणी निवळलें. प्राणी, वनस्पति आणि सफाई करणारा जीव, या तिघांचा मेळ बसला म्हणजे भांडें आपोआप चालतें, असा सिद्धांत त्यानें १८५० सालीं मांडला आणि पुढें तो खाऱ्या पाण्यालाही लावून पाहिला. १८५३ च्या मे महिन्यांत लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत 'मत्स्यगृह' उघडलें आणि शहरी माणसाला समुद्राचा तळ प्रथमच समोरून दिसला.

या सर्व हालचालींना घरोघर पोंचवलें तें फिलिप हेन्‍री गॉस या निसर्गशास्त्रज्ञानें. गॉस मोठा श्रद्धाळू, तसाच मोठा निरीक्षक. चित्रें काढण्यांत हात कुशल आणि लेखणी रसाळ. १८५४ सालीं त्याचें 'द अ‍ॅक्वेरियम' हें पुस्तक निघालें. मत्स्यपेटीला आज जगभर जें नांव आहे तें रूढ करण्याचें श्रेय या पुस्तकाला आहे. त्याच वर्षीं समुद्रापासून दूर राहणारांसाठीं त्यानें कृत्रिम समुद्रजलाची कृति प्रसिद्ध केली. खावयाचें मीठ, मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड, असे चार क्षार योग्य प्रमाणांत घेऊन गोड्या पाण्यांत विरघळवावयाचे. चुन्याचा अंश त्यानें मुद्दाम घातला नाहीं. नळाच्या पाण्यांतून तो पुरेसा येईल असें त्याला वाटलें. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

मग काय विचारतां ! इंग्लंडांत कांचेवरील कर १८४५ सालींच उठला होता, त्यामुळें कांच स्वस्त झाली होती. आगगाडी किनाऱ्यापर्यंत जाऊं लागली होती. मध्यम वर्गाच्या घरांत कांचपेटी नसणें कमीपणाचें वाटूं लागलें. सुटींत मंडळी झोळ्या, बरण्या आणि छिन्न्या घेऊन किनाऱ्यावर जात, ओहोटी लागली कीं खडकांच्या डबक्यांत उतरत, आणि जें जें सुंदर दिसे तें तें खरवडून घरीं आणीत. घरीं आणलेलें बहुधा आठ-पंधरा दिवसांत मरे. पाणी हिरवें होई, मग दुधट होई, मग दुर्गंधि सुटे. तेव्हां तें मोरींत ओतावयाचें आणि पुढच्या सुटींत पुन्हां किनारा. १८६० नंतर ही लाट ओसरूं लागली. विल्यम अल्फर्ड लॉइड या लंडनच्या व्यापाऱ्याचें मत्स्यपेट्यांचें मोठें दुकान १८६२ सालीं बुडालें.

पेट्या नासत कां, हें पुढें याच लॉइडनें ओळखलें. लहान भांड्यांत थोडें पाणी, त्यांत फार जीव, आणि तेंही पाणी निश्चळ. मग तें शुद्ध राहणार कसें? १८७१ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें त्यानें जें मत्स्यालय उभारलें, त्यांत लोकांना दिसणाऱ्या टांक्यांहून कितीतरी मोठा, लोकांना न दिसणारा अंधारा हौद जमिनीखालीं होता, आणि पंपानें पाणी अखंड फिरत होतें. सौंदर्य वर, पण त्याला जगवणारा व्यवहार खालीं. आजच्या घरगुती टांकीखालच्या कपाटांत जी दुसरी टांकी असते, ती या हौदाची नात होय.

तोंवर किनाऱ्याचें जें व्हावयाचें तें होऊन गेलें होतें. गॉसचा मुलगा एडमंड हा पुढें साहित्यिक म्हणून नांवाजला. लहानपणीं तो वडिलांचा हात धरून त्या खडकांवर हिंडला होता. १९०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'फादर अँड सन' या पुस्तकांत त्यानें लिहिलें आहे कीं, वडिलांनीं पाहिलेलीं तीं भरगच्च डबकीं पुढें ओसाड झालीं. हौशी लोकांच्या टोळ्यांनीं तीं उजाड केलीं. आणि आपल्याच पुस्तकांनीं लोकांना ही वाट दाखवली, याचें त्या सज्जन माणसाला फार दुःख झालें. ज्यानें समुद्रावर अंतःकरणापासून प्रेम केलें, त्याच्याच हातून किनारा लुटला गेला. या सबंध इतिहासांतली मला सर्वांत बोचणारी गोष्ट हीच.

पेटीच्या शास्त्रांत पुढचें पाऊल पडलें तें पेटी नजरेसमोर नसलेल्या माणसाकडून. सर्गेई विनोग्राड्स्की हा रशियन शास्त्रज्ञ मातींतल्या सूक्ष्म जंतूंचा अभ्यास करीत होता. प्राण्यांच्या मलांतून आणि उरल्या अन्नांतून अमोनिया हें विष तयार होतें. कांहीं जंतु त्याचें नायट्राइट करतात आणि दुसरे कांहीं त्या नायट्राइटाचें पुष्कळ कमी विषारी असें नायट्रेट करतात, हें त्यानें १८९० च्या सुमारास सिद्ध केलें. जी गोष्ट मातीची, तीच पाण्याची. वॉरिंग्टनच्या तिघांच्या मेळांत हा चौथा, न दिसणारा गडी राहून गेला होता. म्हणूनच जाणता मनुष्य नवी टांकी भरल्यावर चार-सहा आठवडे तींत मासा सोडीत नाहीं. या जंतूंची वस्ती होईपर्यंत थांबतो. दह्याला विरजण लागावयास वेळ द्यावा लागतो, तसाच हा प्रकार. एवढें थांबणें जमलें असतें तर त्या जुन्या काळच्या कितीतरी जीवांचे प्राण वांचले असते.

आतां उष्ण समुद्रांतल्या प्रवाळांकडे वळूं. यांच्या शरीरांत अत्यंत सूक्ष्म अशीं शैवलें राहतात. कार्ल ब्रांट या जर्मन शास्त्रज्ञानें १८८१ सालीं त्यांना नांव दिलें. हा भाडेकरू कीं चोर, कीं घरचाच माणूस, यावर पुष्कळ वर्षें वाद चालला. ऑस्ट्रेलियाच्या महाप्रवाळभिंतीवर १९२८-२९ सालीं सी. एम. यंग यांच्या नेतृत्वाखालीं ब्रिटिश मोहीम गेली, तिनेंही हा प्रश्न हाताळला. पुढें १९५८ सालीं समुद्रफुलावर, म्हणजे प्रवाळाच्याच एका भाऊबंदावर, किरणोत्सर्गी कार्बनाचा उपयोग करून असें दिसून आलें कीं, शैवल उजेडांत जें अन्न तयार करतें त्यांतला वांटा यजमानाला मिळतो. प्रवाळांचाही व्यवहार तोच. म्हणजे या प्रवाळांना पाणी आणि भक्ष्य एवढेंच पुरत नाहीं. भरपूर उजेड हवा. आणि सांगाडा बांधावयाचा म्हणजे पाण्यांत चुना हवा. गॉसनें जो चुना नळाच्या भरंवशावर सोडला होता, तोच येथें मुख्य ठरला.

हीं प्रवाळें घरांत जगवण्याची वाट दाखवली ती युरोपांतल्या विद्यापीठानें नव्हे, तर जाकार्त्याच्या ली चिन एंग या गृहस्थांनीं. १९६१ सालीं एका अमेरिकन मासिकांत त्यांनीं आपली रीत प्रसिद्ध केली. समुद्राचें खरें पाणी, सूर्याचा उजेड, हवेचे मोठे बुडबुडे, आणि ज्यांवर व ज्यांच्या आंत असंख्य बारीक जीव राहतात असे समुद्रांतलेच सच्छिद्र खडक. गाळणयंत्रें नाहींत, औषधें नाहींत. हे 'जिवंत खडक' हाच त्यांचा गाळणा. खडकाच्या पृष्ठभागावरचे जंतु अमोनियाचा निकाल लावतात. आंतल्या भागांत, जेथें प्राणवायु पोंचत नाहीं तेथें, निराळे जंतु नायट्रेटाचा निरुपद्रवी नायट्रोजन वायु करून टाकतात.

पुढें १९७० नंतरच्या दशकांत जर्मनींतल्या, विशेषतः बर्लिनच्या हौशी मंडळींनीं या रीतीला तीन गोष्टींची जोड दिली. पहिली प्रखर दिव्यांची. उत्तरेकडे ऊन कमी, म्हणून. दुसरी फेस काढणाऱ्या यंत्राची. आपल्याकडे गुऱ्हाळांत उकळत्या काहिलीवरची मळी झाऱ्यानें काढून टाकतात, तसें हें यंत्र पाण्यांत बारीक बुडबुडे सोडून, फेसाबरोबर वर येणारी घाण सडण्यापूर्वींच बाहेर काढतें. तिसरी गोष्ट ऐकून आपल्या घरांतल्या वडील बायकांना हंसूं येईल. ती म्हणजे चुन्याची निवळी ! आपल्याकडे लहान मुलांना दुधांतून जी निवळी देत, तीच. पेटर विल्केन्स या लेखकानें तिचा पुरस्कार केला. टांकींतलें पाणी रोज थोडें वाफ होऊन उडतें. त्या जागीं ही निवळी थेंबाथेंबानें सोडावयाची, म्हणजे प्रवाळाच्या हाडांना चुना मिळतो.

बर्लिनच्याच डीट्रिख श्ट्यूबर यांच्या टांकींत प्रवाळाची एक शाखा एवढी फोफावली कीं, तिचे तुकडे ते इतर हौशी लोकांना देऊं लागले. जास्वंदीची फांदी लावून जसें नवें झाड करतात, तसाच प्रवाळाचा तुकडा खडकावर रुजतो. ही गोष्ट दिसावयास लहान, पण इतिहासांत मोठी आहे. समुद्रांतून घेणें या एकाच रस्त्यावर शंभराहून अधिक वर्षें चाललेला हा छंद येथें प्रथमच देण्याच्या रस्त्याला लागला.

आज ज्याला अशी पेटी ठेवावयाची आहे, त्याच्या रोजच्या कामांत हा सारा इतिहास दडलेला आहे. लिटरामागें सुमारें ३५ ग्रॅम क्षार राखावयाचे; पाणी उडालें तर गोडें पाणीच घालावयाचें, कारण क्षार उडून जात नाहींत. उष्णता २५ अंश सेंटिग्रेडच्या आसपास. चुन्याचें मूलद्रव्य कॅल्शियम लिटरामागें ४०० मिलिग्रॅमच्या जवळपास. ठराविक दिवशीं थोडें पाणी काढून नवें घालावयाचें. जीव थोडे ठेवावयाचे, अन्न बेतानें टाकावयाचें. आणि पंप बंद पडला, वीज गेली, तर ? तर भांड्यानें पाणी वरून खालीं ओतीत बसावयाचें. १८४६ सालची ती मुलगी अजून निवृत्त झालेली नाहीं.

आपल्या मुंबईंत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें उघडलें, आणि पिढ्यान् पिढ्यांच्या मुलांनीं समुद्राचे मासे प्रथम तेथें समोरून पाहिले. प्रवाळें पाहावयाचीं तर फार दूर जावयास नको. मालवणास सिंधुदुर्गाच्या आसपासच्या पाण्यांत तीं आहेत, आणि त्या भागाला १९८७ सालीं सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. २००१ सालीं भारत सरकारनें खडक बांधणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत घातलें. वाघाला जें संरक्षण, तेंच त्यांना. आपल्या समुद्रांतलें प्रवाळ तोडून घरीं आणणें हा गुन्हा आहे. कित्येकांना हें जाचक वाटतें. ज्यांना डेव्हनच्या त्या ओसाड डबक्यांची हकीकत ठाऊक आहे, त्यांना वाटूं नये.

शेवटीं पुन्हां लंडनला जाऊं. तेथील होर्निमन संग्रहालयाच्या मत्स्यालयांत कांहीं संशोधकांनीं उष्ण समुद्रांतल्या प्रवाळांसाठीं टांक्यांत ऋतुमानाप्रमाणें बदलणारी उष्णता, दिवसाचें लहानमोठें होणें आणि चंद्राच्या कलांप्रमाणें कमीजास्त होणारा प्रकाश हुबेहूब निर्माण केला. त्यावर प्रवाळांनीं ठरल्या वेळीं पाण्यांत बीजें सोडलीं; १८०० मैल नव्हे, कित्येक हजार मैल दूरच्या समुद्राचें पंचांग त्यांनीं कांचेच्या पेटींत पाळलें. ही रीत त्यांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केली. समुद्र तापून प्रवाळें पांढरीं पडूं लागलीं आहेत, अशा काळांत या विद्येचा उपयोग तीं पुन्हां वाढवण्याकडे व्हावा, हा त्यांतला हेतु.

पेटी तीच, शहरही तेंच. पहिल्या वेळीं प्रवाळ किनाऱ्यावरून उचलून पेटींत आलें. आतां पेटींतून समुद्राकडे परत पाठवण्याची भाषा निघाली आहे. या दोहोंमध्यें पावणेदोनशें वर्षें आहेत, आणि मोरींत ओतलेल्या अगणित बरण्या आहेत. आपल्यापैकीं कोणाला दिवाणखान्यांत समुद्र ठेवावयाची हौस झाली, तर त्यानें आधीं एकच प्रश्न स्वतःला विचारावा : खिडकीपाशीं उभें राहून रोज पाऊण तास पाणी ओतण्याची माझी तयारी आहे काय ? असेल, तर खुशाल पेटी आणावी. नसेल, तर एखाद्या ओहोटीला मालवणच्या खडकांवर जावें, डबक्याशीं बसावें, डोळे भरून पाहावें, आणि रिकाम्या हातानें घरीं परतावें. समुद्रावर प्रेम करण्याची तीही एक रीत आहे, आणि गॉसला विचारलें असतें तर अखेरच्या दिवसांत त्यानें कदाचित् तीच पसंत केली असती.